कलमाचा वेग, रोपाचा वेग

उभ्या निवडुंगांचा संकर शिकायला कोणी नर्सरीत आलं, की पहिल्या दिवशी मी ब्रश आणि पराग बाहेर काढत नाही. आधी एक ट्रे समोर ठेवते. त्यात तीन ओळी असतात. डावीकडे आईच्या जातीची रोपं, उजवीकडे बापाच्या जातीची, मधे दोघांचा संकर. पेरणी एकाच दिवशीची, माती एक, पाणी एक, सावलीही तीच. चौदा महिन्यांत डावीकडची रोपं करंगळीएवढी झालेली असतात, हिरवीगार, पिवळसर आखूड काट्यांची. उजवीकडची जेमतेम बोराएवढी, आणि काट्यांखाली हिरवा रंग शोधावा लागतो. मधल्या ओळीत एक रोप आईवर गेलेलं, शेजारचं बापावर, आणि चार-दोन अशी की कुणावर गेली ते सांगता येत नाही. "यातलं कुठलं ठेवाल?" असं विचारलं की बहुतेक जण सगळ्यांत उंच रोपावर बोट ठेवतात. मीही तेच करत होते आणि त्यात माझी चार वर्षं गेली. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. मी पुण्यातच केलं. वर्गात मेंडेलचे वाटाणे शिकलो. वाटाणा स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे त्याचे वाण शुद्ध राहतात आणि दोन वाणांची पहिली संकरित पिढी एकसारखी निघते. बहुतेक उभे निवडुंग मात्र स्वतःचा पराग स्वीकारतच नाहीत. म्हणजे बियांपासून आलेलं प्रत्येक झाड मुळातच मिसळीचं. त्यांचा संकर केला की विखुरणं पहिल्याच पिढीत दिसायला लागतं. पन्नास रोपं वाढवून त्यातलं एक निवडायची तयारी नसेल, तर पाच रोपांवर हा उद्योग करू नये.

संकर कशासाठी, हे समजावायला मला लांब जावं लागत नाही. आपल्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-५१६ हे द्राक्षाचं वाण काढलं, ते कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून. एका पालकाकडून रोगाला तोंड देण्याची ताकद, दुसऱ्याकडून फळाचा गुण. आम्हाला हवं ते याच प्रकारचं: हळू वाढणाऱ्या झाडाचं रूप आणि थंडी सोसणं एका बाजूने, वाढीचा वेग दुसऱ्या बाजूने.

नवख्यांच्या मनात बहुधा सग्वारो असतो, ॲरिझोनाच्या वाळवंटातला तो हात वर केलेला निवडुंग. पहिल्या आठ वर्षांत तो इंच-दीड इंच वाढतो. फूल यायला पस्तिसेक वर्षं, फांद्या फुटायला पन्नास ते सत्तर. ज्याचं फूल आपल्या हयातीत आपल्या गच्चीवर उमलणार नाही, त्याच्यापासून सुरुवात करू नका. दुसरा घोटाळा त्रिधारी निवडुंगाचा. तो शेराच्या कुळातला. चिरा पाडली की पांढरा चीक येतो. खऱ्या निवडुंगांशी त्याचं नातं नाही, आणि कितीही पराग लावला तरी फळ धरणार नाही. खरे उभे निवडुंग अमेरिका खंडांतले. त्यातही उत्तरेकडच्यांचा संकर उत्तरेकडच्यांशी आणि दक्षिणेकडच्यांचा दक्षिणेकडच्यांशी जुळण्याचा संभव जास्त. मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात पॅकीसेरियस प्रिंगलेई हा प्रचंड कार्डोन आणि बर्गेरोकॅक्टस हा बुटका, पिवळ्या काट्यांचा निवडुंग यांचा निसर्गातच झालेला संकर सापडतो. वेगवेगळ्या प्रजातींतही दार उघडं असतं, पण सगळीच दारं उघडी नसतात.

मी दक्षिणेकडची जोडी घेतली. बाप त्रायकोसेरियस पासाकाना, अर्जेंटिना-बोलिव्हियाच्या उंच पठारावरचा. बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठागरात साडेतीन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर जे बेट आहे, त्यावर यांचं रान आहे. वाढून दहा मीटर होतो, पण फार सावकाश, आणि रात्रीचा बर्फ त्याच्या अंगवळणी पडलेला. वाळलेल्या खोडाच्या जाळीदार लाकडाची दारं उत्तर अर्जेंटिनातल्या जुन्या चर्चना बसवलेली आहेत. आई त्रायकोसेरियस स्पाचियानस. बुंध्यातून फुटवे देणारी, भराभर वाढणारी, पुण्याच्या उन्हाळ्यात बिनतक्रार फुलणारी. बापाचा पराग उत्तराखंडातल्या एका बागवाल्या मित्राने पाठवला, बटर पेपरच्या पुडीत, सिलिका जेलच्या पाकिटासकट. कोरडा ठेवला तर पराग फ्रीझरमध्ये बरेच महिने टिकतो. ओल लागली तर दोन दिवसांत मातीमोल.

मे २०१५ ची गोष्ट. कळी वीतभर लांब, करड्या लवेने झाकलेली. अशी कळी संध्याकाळी फुगून वरच्या बाजूला वळते, तेव्हा ती त्याच रात्री उमलणार हे नक्की. तिन्हीसांजेच्या आधी मी कळीच्या कडेला ब्लेडने खिडकी पाडली आणि छोट्या कात्रीने आतले पुंकेसर कापून काढले. ते शेकड्यांनी असतात, त्यामुळे घाई करू नये. स्त्रीकेसराला धक्का लागला तर सगळं वाया. मग ऑर्गन्झाची पिशवी चढवली. बोहरी आळीत या पिशव्या डझनाने मिळतात. रात्री दहाच्या सुमारास फूल पूर्ण उघडलं. कुक्षीचे, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाचे, ताऱ्यासारखे फाटे पसरले होते, बोटाला किंचित चिकट लागत होते. त्यावर बापाचा पराग टेकवला आणि पिशवी पुन्हा बांधली. शेजारच्या एका फुलाला मुद्दाम काहीच लावलं नाही, नुसती पिशवी. ते आठवड्याभरात गळून पडलं, आणि पराग लावलेल्याचा देठ हिरवा राहून फुगायला लागला. हे रिकामं फूल प्रत्येक वेळी ठेवा. रात्री पतंग आणि वटवाघळं काय आणून सोडतील याचा नेम नसतो. एवढा एक पुरावा हाताशी असेल तरच पुढच्या दहा वर्षांच्या मेहनतीला अर्थ आहे.

फळ जूनअखेर तडकलं, ऐन पावसात. तडकायच्या आत पिशवी बांधलेली नसेल तर मुंग्या बी घेऊन जातात. बी धुऊन, सावलीत वाळवून मी फेब्रुवारीपर्यंत ठेवलं, कारण पावसाळ्यात पेरलेलं निम्मं बी पुण्यात मर रोगाने जातं. मातीत वीटचुरा आणि चाळलेली भरड वाळू जास्त, कोकोपीट अगदी थोडं, काळी माती अजिबात नाही. झाकण लावलेला पारदर्शक डबा, आठवड्याभरात कोंब. पेरणीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

खरी चूक इथून पुढे झाली. रोपं सहा महिन्यांची झाल्यावर मला धीर धरवेना. ड्रॅगन फ्रूटचे खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ती मुळांसकट खोडं, नर्सरीत ढिगाने होते. मून कॅक्टसची लाल-पिवळी कलमं आम्ही त्यावरच बांधतो, नर्सरीचा रोजचा गल्ला त्यावर चालतो. संकरातली सगळ्यांत चांगली बारा रोपं मी त्या खुंटांवर चढवली. दोन वर्षांत ती मनगटाएवढी झाली. मी वहीत लिहिलं: "वेग आईपेक्षा जास्त." ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले त्या नर्सरीवाल्या काकांना मोठ्या आनंदाने ती रांग दाखवली. काका पूर्वी द्राक्षबागेत होते. त्यांनी एक कुंडी हातात घेतली, खुंटावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "अगं, डॉगरिजच्या खुंटावर थॉम्सन द्राक्ष चढवला की वेल जोमाने धावते. पण म्हणून थॉम्सनची जात बदलते का? हा जोर खालच्याचा आहे, तुझ्या पोराचा नव्हे."

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण ते खरं होतं. शिवाय ड्रॅगन फ्रूट हे उष्ण प्रदेशातलं, त्याला थंडी सोसत नाही. म्हणजे त्या खुंटावरच्या रोपाची थंडीची परीक्षा घेतली तर ती खुंटाची होणार, माझ्या संकराची नाही. दोन वर्षांचे आकडे, आणि एकही कामाचा नाही. मी बाराही रोपं खुंटावरून कापली, जखमा वाळू दिल्या, कोरड्या वाळूत टेकवून ठेवली. नऊंना स्वतःची मुळं फुटली. स्वतःच्या मुळांवर आल्यावर त्या नऊपैकी सहा रोपांचा वेग बापाएवढाच निघाला.

कलम करूच नका असं मी म्हणत नाही. हळू वाढणाऱ्या जातीचं फूल लवकर हवं असेल, पुढच्या पिढीसाठी पराग हवा असेल, तर कलमासारखा दुसरा उपाय नाही. हरितद्रव्य नसलेलं पांढरं रोप जगवायचं तर कलमच लागतं. पण त्याच रोपाचा एक भाग स्वतःच्या मुळांवर वाढत ठेवा आणि वहीत दोन्हींचे रकाने वेगळे करा. निवड करायची ती दुसऱ्या रकान्यावरून.

वेगाचा आणखी एक भास पुण्याच्या पावसाळ्यात होतो. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ भरलेलं, शेडनेटखाली उजेड कमी, पाणी भरपूर. रोपं सरासरा उंच होतात आणि शेंड्याकडे निमुळती, फिकट होत जातात. फूटपट्टीने मोजलं तर ती पहिली येतात. म्हणून मी व्हर्नियर कॅलिपरने जाडीही मोजते, तीही कंगोऱ्यांच्या टोकापासून टोकापर्यंत, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी, पाणी घालायच्या आधी. पाणी प्यालं की कंगोरे फुगतात आणि आकडा खोटा येतो. उंची आणि जाडी दोन्ही वाढली तरच ती वाढ. रोपांच्या नावाच्या चिठ्ठ्यांवर पेन्सिलीनेच लिहा. मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते. माझा २०१७ चा एक अख्खा संकर असाच बेवारस झाला. रोपं आजही जिवंत आहेत, पण आईबाप कोण ते मला माहीत नाही. आता एक चिठ्ठी वर आणि दुसरी मातीत पुरलेली असते.

थंडीचं काय, हे सगळे विचारतात, आणि बरोबरच आहे. पुण्याची आजवरची नीचांकी नोंद १.७ अंशांची, जानेवारी १९३५ मधली. २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा ५.९ वर आला तेव्हा सगळं शहर कुडकुडलं, पण पासाकानासाठी ती सुखाची रात्र. इथे थंडी सोसण्याची परीक्षा होत नाही. म्हणून पहिल्या वर्षी मी दहा रोपं सरळ घरच्या फ्रीझरमध्ये ठेवली. सकाळी काचेसारखी पारदर्शक, दुपारी पाणी. त्यातून काहीच सिद्ध झालं नाही. निवडुंग थंडीला हळूहळू तयार होतो. रात्री गार होत जातात, माती कोरडी राहते, खोड पाणी सोडून आकसतं, आतला रस दाट होतो. ही तयारी व्हायला काही आठवडे लागतात. दुसरं, पारा किती उतरला याइतकंच तो किती तास उतरलेला राहिला हेही महत्त्वाचं. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फॉरेस्ट श्रीव्ह यांनी सग्वारोबद्दल १९११ मध्येच हे दाखवलं होतं: रात्री गोठून दुसऱ्या दिवशी उन्हात वितळलं तर झाड जगतं, दिवसभर वितळलंच नाही तर मरतं. शेंड्यावरच्या दाट काट्यांचं पांघरूणही मोजा. शेंडा उघडा असलेलं रोप आधी जातं. माझ्या संकरात जी रोपं शेंड्याला बापासारखी काटेरी निघाली, त्यांच्याकडे मी जास्त लक्ष देते.

म्हणून मी आता रोपं वाटते. एक संच उत्तराखंडात त्याच मित्राकडे, एक पाचगणीला आत्याकडे. तिथून जवळच, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या जानेवारीत दवबिंदू गोठतात, पेपरात फोटो येतात. तेवढ्या हिमाने कस लागत नाही, पण रोपं तयार व्हायला ती हवा चांगली. प्रत्येक संचात निम्मी रोपं नोव्हेंबरपासून कोरडी, निम्मी ओली. ओली आधी जातात, हे दरवर्षी दिसतं. मराठी मुलुखात निवडुंगाचा खरा शत्रू थंडी नसून ओल आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि संकर निवडताना पावसाळा काढणं हा गुण मी थंडीच्या बरोबरीने धरते.

पोटापाण्याचंही सांगायला हवं. यातून पहिली आठ-दहा वर्षं पैसा येत नाही. मी कलमं बांधून, मिर्टिलोकॅक्टस या निवडुंगाचे खुंट विकून, जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाच्या आसपास कुंड्या भरून पगार कमावते, आणि हे काम रविवारी करते. नर्सरीत दोन वर्षं काढा. पिठ्या ढेकूण मुळाशी बसतो तेव्हा रोप कसं दिसतं, ते कॉलेजात कळत नाही. परदेशातून बी मागवायचं असेल तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना आणि तिकडचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटात लपवून मागवू नका. बियांबरोबर कुठला रोग येईल ते सांगता येत नाही, आणि त्याची झळ शेजारच्या शेतकऱ्यालाही बसू शकते.

त्या पहिल्या पेरणीतलं सतरा नंबरचं रोप अजून माझ्याकडे आहे. स्वतःच्या मुळांवर आलेल्या नऊंपैकी ते एक. वेग आईच्या जवळपास, शेंडा बापासारखा झाकलेला, आणि एवढ्या पावसाळ्यांत बुडाला एकदाही मऊ पडलं नाही. बाजूने फुटलेला त्याचा एक फुटवा कापून मुळावर आणला आणि या नोव्हेंबरात पाचगणीला नेऊन ठेवला, एका अंगाला आईच्या जातीचं रोप, दुसऱ्या अंगाला बापाच्या. शेजारी किमान-कमाल तापमापक टांगला आहे. आत्या रोज पहाटे चहाआधी आकडा वाचते आणि मला फोनवर सांगते. काल ७ होता.