लिव्हरचा फायब्रोस्कॅन करताय? या चुका टाळा

माजलगाव, गंगाखेडकडचा पेशंट पहाटेची एसटी धरून संभाजीनगरला येतो, स्टँडवर चहा-पोहे खातो आणि तासाभरात तपासणीच्या टेबलावर आडवा होतो. सगळ्यांत जास्त घडणारी चूक हीच. खाल्ल्यावर आतड्यांकडून लिव्हरकडे जाणारं रक्त वाढतं, लिव्हर ताठरतं आणि लिव्हरचा कडकपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनचा आकडा फुगतो. किमान 3 तास काही खाऊ नका, दुधाचा चहाही नको. घोटभर पाणी चालतं.

डायबेटिस असेल तर मात्र जपून. उपाशीपोटी इन्सुलिन घेऊन लांबचा प्रवास केला, तर साखर एकदम उतरू शकते. डोसचं डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारा आणि सकाळचा पहिला नंबर मागून घ्या.

दुसरी चूक वेळेची. ताजी कावीळ, पित्तनलिकेत अडकलेला खडा, हार्ट फेल्युअरची सूज, नुकतंच झालेलं भरपूर मद्यपान, यांतलं काहीही असलं की लिव्हरमध्ये जुने व्रण (फायब्रोसिस) नसतानाही आकडा चढतो. असा एक आकडा पाहून घरात ‘सिरॉसिस झाला’ (लिव्हर व्रणांनी निबर झालं) म्हणून रडारड होते, याचं फार वाईट वाटतं. आधी तो त्रास ओसरू द्या, मग मोजा.

तपासणाऱ्यांनी उजवा हात डोक्यामागे घ्यायला सांगावा, प्रोब (मशीनचा अंगाला टेकवायचा भाग) फासळ्यांच्या मधल्या फटीत काटकोनात धरावा. खोल श्वास नको. सहज श्वासात क्षणभर थांबणं पुरे. 10 नीट रीडिंग हवीत. मधला आकडा 7 किलोपास्कलच्या (कडकपणा मोजायचं एकक) वर असेल, तर रिपोर्टातलं ‘आयक्यूआर/मीडियन’, म्हणजे रीडिंगांमधली तफावत, 30 टक्क्यांच्या आत असावं. नसेल तर त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. जाड अंगाच्या पेशंटला एक्सएल प्रोब लावावा. पोटात पाणी झालं असेल तर फायब्रोस्कॅनची लहर त्यातून पुढे जात नाही, तिथे पुन्हा पुन्हा बटण दाबण्यात अर्थ नाही.

नेहमीच्या सोनोग्राफी मशीनवरची शिअर वेव्ह तपासणीही लिव्हरचा कडकपणाच मोजते, पण ती वेगळी. तिथे लिव्हरच्या आवरणाखाली दीड-दोन सेंटिमीटरवर, मोठ्या रक्तवाहिन्या टाळून मोजावं. एक्स-रेसारखं रेडिएशन यात नाही. तरीही ऊतीला ढकलणाऱ्या ध्वनिलहरींनी ती किंचित तापते, म्हणून गरजेपुरतेच शॉट घ्यावेत. गर्भवती असाल किंवा पेसमेकर असेल तर टेबलावर चढण्याआधीच सांगा.

फॅटी लिव्हरच्या पेशंटचा आकडा 8 किलोपास्कलच्या खाली असेल, तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता फार कमी. वेगवेगळ्या मशीनचे आकडे एकमेकांशी ताडू नका. पुढची तपासणी शक्यतो त्याच मशीनवर करा आणि जुना रिपोर्ट सोबत न्या.