ठिबक असूनही संत्र्याला पाणी पुरत नाही? ओलिताच्या या चुका टाळा

मार्च उजाडला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडकडे एकच तक्रार कानावर येते: ठिबक आहे, तरी विहीर पुरत नाही अन् अंबिया बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) फळं गळतात.

बहुतेक बगीच्यांत पहिली चूक बुंध्याशीच दिसते. कलम लावताना ड्रिपर (नळीतून थेंब-थेंब पाणी सोडणारी तोटी) जिथं बसवला, झाड मोठं झालं तरी तो तिथंच. संत्र्याची पाणी ओढणारी बारीक मुळं झाडाच्या घेराच्या बाहेरच्या अंगाला असतात. बुंध्याशी पडलेलं पाणी त्यांच्यापर्यंत पोचत नाही, उलट खोड ओलं राहून फायटोफ्थोरा हा बुरशीसारखा जंतू शिरतो आणि डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, होतो. पाणीही जातं, झाडही जातं. झाड वाढेल तशा नळ्या बाहेर सरकवा, ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका. ठिबक नसेल तर बांगडी पद्धतीचं आळं करा: खोडाशी माती चढवलेली, पाणी फक्त बाहेरच्या गोलात.

पान पिवळं दिसलं की लगेच मोटर सुरू करू नका. आपल्या भारी काळ्या मातीत पाणी जास्त झाल्यानंही पान पिवळं पडतं, कारण मुळांना हवा मिळत नाही. वीतभर उकरून मूठभर माती दाबा. गोळा होऊन हाताला चिकटली तर अजून वाफसा (मातीत ओल आणि हवा दोन्ही असणं) नाही, थांबा.

ओळीतली शेवटची झाडं सुकतात म्हणून सगळ्याच बगीच्याला जास्त वेळ पाणी देणं, ही तर फारच महागाची चूक. आधी मोजा. ताशी 4 लिटरच्या ड्रिपरखाली भांडं धरलं तर 3 मिनिटांत 200 मिलिलिटर जमायला हवं. पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमध्ये मोठा फरक निघाला तर फिल्टर धुवा, नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहू द्या. भांड्यावर पांढरा थर धरणारं पाणी ड्रिपरही बुजवतं. त्याला आम्लप्रक्रिया लागते, ती जाणकाराकडूनच करून घ्या. आम्ल पाण्यात ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

रात्रीच्या लायनीवर (विजेवर) मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो लावून झोपलात तर फुटलेली नळी पहाटेपर्यंत वाहते. कास्तकाराला रात्रीची वीज मिळते यात त्याचा दोष नाही, पण टायमर बसवणं त्याच्या हातात आहे.

आणि कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) जाळू नका. मे महिन्यात इथं पारा 45 अंशांवर जातो, उघडी माती भेगाळते. सोयाबीनचं कुटार झाडाखाली चांगलं जाड पसरा, फक्त खोडापासून हातभर दूर ठेवा आणि उधई (वाळवी) लागली का ते अधूनमधून उचलून पाहा.