आतला टायर बसलाय का, हे टॉमीच्या (लोखंडी दांड्याच्या) एका ठोक्यात ओळखा

दहा चाकी ट्रकला मागे जोडीजोडीने आठ टायर, त्यातले चार आतले. आतल्याची हवा गेली तरी बाहेरचा टायर वजन पेलून धरतो, त्यामुळे लांबून सगळं ठीक दिसतं. मग भर उन्हात जास्तीच्या भाराने तापून बाहेरचाही फुटतो, आणि एका पंक्चरच्या जागी दोन टायरचा खर्च बसतो.

चहाला गाडी लावली की आधी हे करा, चहा नंतर:

१. सपाट जागेवर हँडब्रेक ओढून इंजिन बंद करा. आवाज नीट ऐकू आला पाहिजे.

२. टॉमीने प्रत्येक टायरच्या नक्षीवर मध्यम जोराचा ठोका मारा. हवा भरलेली असेल तर टॉमी टणकन उसळून हातात परत येते. हवा गेली असेल तर ठप्प असा मेलेला आवाज येतो आणि टॉमी तिथेच बसते. आतल्या टायरला दोन चाकांच्या फटीतून नाहीतर मागून ठोका. दोन दिवसांत कान तयार होतो.

३. फटीत दगड अडकलाय का, तेही तेव्हाच बघा. खडीच्या रस्त्यावरून आलात तर हमखास सापडतो.

ठोक्याने फक्त बसलेला टायर कळतो, थोडी कमी हवा कळत नाही. त्यासाठी सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजायचा गेजच लावा. खंबाटकी घाट उतरून आल्यावर गरम टायरचं प्रेशर जास्त दिसतं म्हणून हवा मात्र सोडू नका. थंड झाल्यावर तोच टायर कमी भरेल.