पोर्तुगीज वाचताना शब्द अडला तर

पुस्तक निवडताना मधलं कुठलंही पान उघडून पहिले 100 शब्द मोजा. त्यात न कळलेले 2-3 निघाले तर ते सलग वाचायला घ्या. 10 निघाले तर तूर्त बाजूला ठेवा. नाहीतर वाचन राहतं बाजूला, नुसता शब्दकोश चाळला जातो.

परिच्छेद एकदा न थांबता संपवा. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ, बस्स. दुसऱ्या वाचनात रेघेपाशी थांबा आणि आधी वाक्यालाच विचारा. समजा वाक्य आहे: 'आंतेश दा शुवा, ओ पेश्कादोर पुशो आ रेद पारा आ प्राया.' आंतेश दा शुवा म्हणजे पावसाआधी, पेश्कादोर म्हणजे मच्छीमार, पारा आ प्राया म्हणजे किनाऱ्याकडे, एवढं तुम्हाला येतं. मालवणात रापण ओढताना पाहिलेल्याला 'रेद' म्हणजे जाळं हे लगेच सुचेल. 'पुशो' मात्र फसवतो. कानाला इंग्रजी 'पुश' वाटतो, अर्थ नेमका उलटा: ओढलं. पाण्यातलं जाळं किनाऱ्याकडे ढकलतं कोण? म्हणून अंदाज केला की तो वाक्यात बसवून पाहायचाच.

आपल्याजवळ थोडी शिदोरी घरचीच आहे. चावी, बादली, घमेलं, पिंप, पगार हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले. त्यांचा आधार जरूर घ्या, पण तपासून. आपला 'पगार' नाम आहे, त्यांचं 'पागार' क्रियापद: पैसे देणे. 'पिपा' पोर्तुगालमध्ये पिंप, तर ब्राझीलमध्ये पतंग! लेखक कुठल्या देशाचा, हे आधी पाहून ठेवा.

शब्दकोशात शब्द सापडत नाही तेव्हा बहुधा आपण चुकीचं रूप शोधत असतो. 'गेला'चा अर्थ 'जाणे'पाशी मिळतो, तसा 'पुशो'चा 'पुशार'पाशी. क्रियापद वाटलं तर शेवटी आर, एर किंवा इर लावून पाहा. वरच्या वाक्यातला 'दा' तर दोन शब्दांचा संधी आहे, 'द' आणि 'आ'. असे जोड मोजकेच आहेत. एकदाच पाठ करून टाका.

शब्दकोश उघडायचा तो ज्या शब्दावाचून गोष्ट पुढे सरकत नाही त्यासाठी, किंवा जो तिसऱ्यांदा आडवा आला त्यासाठी. पानाला 5 शब्द पुरे. झाडापक्ष्यांची नावं 'कुठलंसं झाड' म्हणून खुशाल सोडा. वहीत सुटा शब्द लिहू नका, अख्खं वाक्य उतरवा आणि अर्थ पानाच्या मागे. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने, पान न उलटता तो आठवतो का पाहा.