माळावर उभ्या विमानाला झटक्याचं कुंपण: सगळं अर्थिंगवर अवलंबून

छोटं दोन सीटचं विमान उघड्या धावपट्टीवर मुक्कामाला राहिलं की पहिली भीती वाऱ्याची आणि दुसरी जनावरांची. वाऱ्यासाठी खुंटे ठोकून विमान बांधतात, ते सगळ्यांना ठाऊक असतं. जनावरांचं मात्र कुणी मनावर घेत नाही. गाय पंखाच्या सावलीला येते, मान खाजवायला एलेरॉनची, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या फळीची, कड शोधते, कापडी पंख असेल तर चाटत उभी राहते. तिची जीभ कानशीसारखी खरखरीत असते, रंगाचा थर उतरून खालचं कापड दिसायला लागतं. म्हशीनं नुसतं अंग घासलं तरी पंखाची मागची कड वाकते, आणि कड वाकलेलं विमान दुरुस्त होऊन तपासलं जाईपर्यंत जमिनीवरच राहतं.

बालाघाटाच्या माळावरच्या एका धावपट्टीवर मी रात्रीची राखण करतो. त्याआधी कित्येक वर्षं वावरातल्या हरभऱ्याला रोही (नीलगाय) आणि रानडुकरांपासून झटका मशीननंच सांभाळलंय. दोन्हीकडचं मशीन एकच, नियमही तेच. फरक इतकाच की हरभऱ्याची चार झाडं गेली तर चालतं, विमानाला एकही धक्का चालत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. खांबावरची लाईन थेट तारेला जोडायची नाही, एका रात्रीसाठीसुद्धा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी नाही. त्या तारेनं माणूस मरतो, सालगड्याचं पोर मरतं, जनावर मरतं. तो गुन्हा आहे. मेलेलं जनावर काळवीट निघालं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारल्याचा गुन्हा वेगळा लागतो. झटका मशीनचं काम निराळं असतं. ते साधारण सेकंदाला एक ठोका देतं, ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो. व्होल्टेज पाच ते दहा हजार असलं तरी ऊर्जा थोडी असते, म्हणून जनावर दचकून मागं सरतं आणि जिवंत राहतं. मशीनवर आयएस ३०२-२-७६ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का ते बघूनच घ्या. मोंढ्यात बिननावाची स्वस्त मशीनं मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

सामान थोडकंच लागतं: बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारं, एका ठोक्याला एक ज्यूलपर्यंत ऊर्जा देणारं मशीन, फायबरचे पंधरा-सोळा खांब, पॉलीवायरचं (प्लास्टिकच्या दोरीत बारीक स्टीलच्या तारा विणलेल्या वायरचं) एक रीळ, अर्थिंगच्या तीन गॅल्व्हनाइज्ड सळया, तारेचं व्होल्टेज दाखवणारा झटक्याचा टेस्टर आणि इशाऱ्याच्या पिवळ्या पाट्या. घरचा मल्टीमीटर या तारेला लावू नका, जळेल. रुंद पट्टी घेऊ नका, पॉलीवायरच घ्या. मे महिन्यातल्या वावटळीत पट्टी फडफडते, खांब उपटते आणि पंखावर जाऊन पडते.

आखणी सोपी आहे. विमानाचा पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मीटर आणि लांबी सात मीटर धरली, तर चारही बाजूंनी तीन मीटर सोडून सोळा बाय तेराचा चौकोन होतो, म्हणजे अठ्ठावन्न मीटरचा घेर. तीन मीटर यासाठी की तारेबाहेर उभ्या बैलाची मान पंखापर्यंत पोचू नये आणि वाऱ्यानं तार सुटलीच तर विमानाला लागू नये. दर चार मीटरला एक खांब. तारा तीन: जमिनीपासून २५, ५५ आणि ९० सेंटिमीटरवर. खालची कुत्र्या-डुकरांसाठी, वरची गायी-म्हशी आणि रोह्यासाठी. मधली कशासाठी ते पुढं सांगतो. विमान बांधायच्या खुंट्याला, दोराला किंवा चाकाला तार कुठंही टेकता कामा नये. मशीन शेपटाच्या बाजूला, इंधनाच्या टाक्यांपासून लांब ठेवा. गळक्या जोडावर ठिणगी उडते, म्हणून इंधन भरताना कुंपण बंद म्हणजे बंद.

पॉलीवायरला गाठ मारताना नायलॉनची गाठ पुरत नाही. दोन्ही टोकांचं प्लास्टिक सोलून आतल्या स्टीलच्या तारा एकमेकींत पिळा. नाहीतर गाठ घट्ट दिसते, पण करंट पुढं जात नाही.

आता अर्थिंग. मी इथंच फसलो होतो आणि बहुतेक लोक इथंच फसतात, म्हणून हे सावकाश वाचा.

पहिल्या उन्हाळ्यात मी माळावर तीन तारा लावल्या आणि तिन्ही मशीनच्या लाल टोकाला, म्हणजे झटका बाहेर पडतो त्या टोकाला, जोडल्या. मुरमात जेमतेम हातभर गेलेली एकच सळई अर्थला दिली. टेस्टर लावला तर आठ हजार. मशीन टिक टिक करत होतं, लाल दिवा लुकलुकत होता. मी निश्चिंत होऊन आखाड्यावर, म्हणजे रानातल्या खोपीवर, जाऊन झोपलो. पहाटे गुराखी धावत आला. "दादा, गाय तारंला टेकून उभीय की!" जाऊन बघतो तर खरंच. वरची तार तिच्या छातीनं पंखाकडं ताणली गेली होती, दोन खांब आडवे पडले होते आणि ती शांतपणे एलेरॉन चाटत होती. दर ठोक्याला तिची कातडी बारीक थरथरायची, माशी बसल्यावर थरथरते तेवढीच. त्या दिवसाचं उड्डाण रद्द झालं. विमान मालकाला काय सांगायचं हे सुचेना.

झालं काय होतं? मशीनमधून निघालेला करंट तारेतून जनावराच्या अंगात, तिथून पायांवाटे जमिनीत आणि जमिनीतून अर्थच्या सळईकडं असा फिरून मशीनकडं परत यायला हवा. तो फेरा पूर्ण झाला तरच झटका बसतो. विजेच्या उघड्या तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, ते याच कारणानं. मे महिन्यात बालाघाटाचा मुरूम हाडासारखा कोरडा असतो, खाली काळा पाषाण. त्यातून करंट परत येत नाही. गाईच्या खुरांखालची जमीन आणि माझी सळई यांच्यामध्ये जणू रबर होतं. आणि आठ हजार कसे दिसले? टेस्टरचा खिळा, म्हणजे त्याच्या वायरीच्या टोकाची जमिनीत खुपसायची कांडी, मी सळईलाच लावला होता. जनावर उभं राहतं तिथं खिळा मातीत खुपसून मोजलं असतं, तर तेव्हाच कळलं असतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे सळया. एक कधीच पुरत नाही, तीन हव्यात. शक्य असेल तर दोन मीटर लांबीच्या, नाहीतर निदान सव्वा मीटरच्या, एकमेकींपासून तीन मीटरवर, तिन्ही एकाच सलग तारेनं जोडलेल्या. मुरमात घणानं ठोकलेली सळई वाकते, आणि पहारीनं भोक पाडून त्यात सोडलेली सळई भोकात सैल उभी राहते, मातीला टेकतच नाही. मी करतो ते असं: पहारीनं हातभर रुंद खड्डा जमेल तितका खोल घ्यायचा, खालच्या रानातून दोन पाट्या काळी माती आणायची, तिचा चिखल करून सळईभोवती थर देत दाबून भरायचा. काळी माती पाणी धरून ठेवते आणि सळईला चिकटून बसते. बाजारात अर्थिंगसाठी बेंटोनाइटची पोती विकतात, तीही याच जातीची चिकणमाती असते. आपल्याकडं ती पायाखाली पडलेली आहे. मिठाचा सल्ला बरेच जण देतात. मीठ घातल्यावर काही महिने फरक दिसतो, पण सळई गंजून निकामी होते. मी मीठ घालत नाही.

धावपट्टी काळ्या रानात असेल तर अडचण उलटी येते. पावसाळ्यात उत्तम, पण फेब्रुवारीपासून जमीन भेगाळते आणि नेमकी सळईजवळूनच भेग जाते. मग रोज संध्याकाळी सळईपाशी बादलीभर पाणी सावकाश मुरवा आणि वरून पाचट किंवा गोणपाट झाका. जवळ ओढा, नाला, विहिरीचा ओला काठ असेल तर तीस-चाळीस मीटर लांब जाऊन सळया तिथंच ठोका. अर्थची तार साधी असली तरी चालते. लाल टोकाची तार मात्र झटक्यासाठी बनवलेलीच हवी. घरगुती वायर ११०० व्होल्टपर्यंतची असते, तिच्यातून झटका जमिनीत गळतो. इमारतीच्या किंवा वीज-मीटरच्या अर्थिंगला या सळया जोडायच्या नाहीत, त्यापासून निदान दहा मीटर दूर ठेवायच्या. विमान उभं असताना त्याला दिलेलं अर्थिंगही वेगळंच राहू द्या.

एवढं करूनही ऐन मे महिन्यात माळ दाद देत नाही. तेव्हा मधल्या तारेची गरज पडते. ही तार लाल टोकाला जोडायची नाही, मशीनच्या अर्थच्या टोकाला आणि सळयांना जोडायची. मी तिला परतीची तार म्हणतो. खालची आणि वरची तार गरम, म्हणजे लाल टोकाला जोडलेली, मधली परतीची. जनावर मान खुपसायला जातं तेव्हा त्याचं अंग गरम तारेला आणि परतीच्या तारेला एकदम लागतं, फेरा तारेतच पूर्ण होतो, मग जमीन कितीही कोरडी असू दे. ही तार लावल्यानंतर तीच गाय दुसऱ्या रात्री आली होती. ओलं नाक वरच्या तारेला आणि गळ्याखालची लोंबती पोळी मधल्या तारेला एकदम लागली. ती आवाज काढून चार पावलं मागं उडाली आणि बांधापलीकडं जाऊन थांबली. माझ्या पाहण्यात ती पुन्हा विमानाकडं आली नाही.

परतीची तार गरम तारेला कुठंही टेकू देऊ नका, दोन्ही लोंबकळू देऊ नका. टेकल्या तर मशीन टिकटिकत राहतं, पण कुंपण मेलेलं असतं.

अर्थिंग जमलं की नाही हे अंदाजानं ठरवायचं नसतं. मशीन बंद करा, मशीनपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात तीन-चार लोखंडी सळया जमिनीत रोवून गरम तारेला टेकवा, मशीन चालू करा. तारेवरचं व्होल्टेज दोन हजारांच्या खाली यायला हवं. मग अर्थच्या शेवटच्या सळईला टेस्टर लावून त्याचा खिळा निदान मीटरभर लांब मातीत खुपसा. आकडा तीनशेच्या आत असेल तर अर्थिंग चांगलं, वर असेल तर आणखी सळया ठोका. आणि सळया टेकवूनही तारेवरचं व्होल्टेज खाली आलंच नाही, तर कुंपण जोरदार आहे असं समजू नका. जमीनच करंट घेत नाही, परतीच्या तारेशिवाय तिथं रात्र काढू नका. चाचणीच्या सळया काढल्यावर कुंपणाच्या पार टोकाला निदान चार हजार व्होल्ट मिळायला हवेत.

पहिल्या दोन दिवसांत पांढऱ्या चिंध्या तारेला बांधा. तार न दिसलेला रोही धावत येऊन कुंपण तोडून जातो, दिसलेल्या तारेला तो आधी हुंगायला येतो, आणि नाकावर बसलेला झटका त्याच्या लक्षात राहतो. वानरं आणि उंदीर यांना हे कुंपण थांबवत नाही, उंदरांसाठी विमानाची भोकं बुजवणं हाच इलाज. पिवळी पाटी, निदान १०० बाय २०० मिलिमीटरची, चारही बाजूंना लावा आणि शेजारच्या वस्तीवर स्वतः जाऊन सांगून या. पाटी वाचता न येणाऱ्या लेकरांना प्रत्यक्ष दाखवा.

पावसाळ्यात गवत खालच्या तारेला लागून झटका गळतो. गवत काढा, नाहीतर तेवढी तार सोडून ठेवा. वळवाचे ढग दाटले की मशीनची दोन्ही टोकं तारेपासून काढा. वीज कुंपणावर पडली तर मशीन जातंच, शेजारी उभ्या माणसाचाही भरवसा नाही. गळती सापडत नसेल तर खिशातला जुना ट्रान्झिस्टर एएम पट्टीवर, कुठलंही स्टेशन नसेल तिथं लावा आणि तारेकडेनं चाला. गळत्या जोडापाशी टिकटिक मोठी होते. विमानाचा रेडिओही एएमवरच चालतो, म्हणून वैमानिक आत बसून रेडिओ तपासायच्या आधी कुंपण बंद असलं पाहिजे.

सकाळी काढताना आधी मशीन बंद, मग टेस्टरनं शून्य बघून तारेला हात. पॉलीवायर रिळावर गुंडाळा, जमिनीवरून ओढत नेऊ नका. इन्सुलेटर, चिंध्या, सोललेल्या तारेचे तुकडे सगळं मोजून पिशवीत टाका. लावताना आकडा मशीनच्या झाकणावर खडूनं लिहून ठेवा आणि काढताना जुळवा. स्टीलचा बोटभर तुकडा प्रोपेलरच्या वाऱ्यात उडाला तर पात्याला खाच पाडतो. आकडा जुळेपर्यंत मी इंजिन सुरू करू देत नाही, वैमानिकाला कितीही घाई असली तरी.