मतदार सर्व्हेतल्या या चुका टाळा

सर्व्हेचा रिपोर्ट हातात पडला की नवखा प्रचारवाला पहिला प्रश्न विचारतो, सॅम्पल केवढं? पन्नास हजार ऐकलं की निम्मी निवडणूक जिंकल्यासारखा हसतो. फोन किती लावले, उचलले किती आणि न उचलणारे कोण, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही येत नाही.

अमेरिकेतल्या ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकानं 1936 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालानं पाठवल्या आणि जवळपास 24 लाख भरून परत आल्या. आज एवढ्या सॅम्पलचं स्वप्नही कुणी बघत नाही. अंदाज निघाला की रिपब्लिकन उमेदवार लँडन राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना आरामात हरवणार. प्रत्यक्षात लँडनला मेन आणि व्हर्मांट ही दोनच राज्यं मिळाली, रूझवेल्टनी सुमारे 61 टक्के मतं घेतली. याच साप्ताहिकाचा 1932 चा अंदाज अचूक होता, त्यामुळे पद्धतीवर शंका घ्यायचं कुणाला सुचलं नाही. पत्ते बरेचसे टेलिफोनच्या यादीतून आणि मोटारींच्या नोंदीतून घेतलेले, म्हणजे मंदीच्या काळातली खात्यापित्या घरची माणसं; हे सगळेच सांगतात. दुसरं कारण मात्र सहसा सांगितलं जात नाही. ज्यांना पत्रिका मिळाली पण ज्यांनी ती परत पाठवली नाही, त्यांच्यात रूझवेल्टचा जोर होता. उत्तर द्यायला उत्सुक असलेलेच नेमके वेगळे निघाले. यादी सुधारली असती तरी ही भानगड उरलीच असती.

म्हणून नंबर एकदा वाजवून सोडू नका. एकाच नंबरवर किमान तीन-चार प्रयत्न, तेही वेगवेगळ्या वेळी, त्यातला एक संध्याकाळी आणि एक सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक प्रयत्नाची नोंद हवी: उचलला नाही, नकार, नंबर बंद, नंतर करा म्हणाले. ‘वेळ नाही, पुढचा नंबर घ्या’ हा शॉर्टकट म्हणजे दिवसभर घरी असणाऱ्यांचा सर्व्हे. मग वय, लिंग, शिक्षण आणि भाग यांचं प्रमाण खऱ्या लोकसंख्येशी ताडून वेटिंग करा, म्हणजे सॅम्पलमध्ये कमी पडलेल्या गटाच्या उत्तरांना जास्त वजन द्या आणि जादा आलेल्यांना कमी. शिक्षण सोडू नका. 2016 च्या अमेरिकी निवडणुकीत राज्यपातळीवरचे बरेच पोल तिथेच फसले. एखाद्या माणसाचं वजन पाचाच्या वर जायला लागलं, म्हणजे त्याचं एक उत्तर पाचांहून जास्त जणांचं मोजावं लागलं, तर मी फॉर्म्युल्याशी खेळत बसत नाही, फील्ड टीमला परत पाठवतो. वेटिंगची किंमतही मोजावी लागते: वजनांमुळे 1000 मुलाखतींचं बळ 625 मुलाखतींएवढंच उरलं, तर अंदाजातली संभाव्य चूक ±3.1 टक्क्यांवरून ±3.9 होते.

तोच घोळ दारोदार प्रचारात वेगळ्या वेषात येतो. ‘ज्यांना भेटलो त्यांच्यात मतदान जास्त झालं, न भेटलेल्यांत कमी, म्हणजे भेटींचा परिणाम!’ अहो, घरी सापडणारा, दार उघडणारा माणूस मुळातच मतदानाला जाण्याची शक्यता जास्त. सुरुवातीलाच लॉटरीनं काही घरं बाजूला ठेवा, तिथे जाऊच नका. शेवटी तुलना करायची ती ‘जायचं ठरवलेल्या सगळ्या घरांची’ या बाजूला ठेवलेल्या घरांशी, मग भेट झालेली असो वा नसो. समजा दोन्हीत फरक 2.4 टक्क्यांचा आला आणि भेट 30 टक्के लोकांचीच झाली होती, तर भेटलेल्या माणसावरचा परिणाम 2.4 भागिले 0.3, म्हणजे 8 टक्के. गर्बर आणि ग्रीन या राज्यशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात असाच प्रयोग केला, तेव्हा समोरासमोर भेटीनं मतदान ठळकपणे वाढलं. पैसे देऊन करून घेतलेल्या फोनचा उपयोग जवळपास शून्य. ही वाढ मतदानाला बाहेर पडण्यातली आहे. मन वळवणं त्याहून कितीतरी अवघड, आणि उतावळे सल्लागार या दोन्ही गोष्टी एकाच बजेटमध्ये कोंबतात.

क्रॉसटॅबमध्ये, म्हणजे उत्तरं वय-लिंगासारख्या गटांत फोडून दाखवणाऱ्या तक्त्यात, 60 तरुणी सापडल्या, त्यांच्यात चार टक्क्यांची घसरण दिसली, आणि रातोरात भाषण बदललं! साठ जणांवरची चूक ±12 टक्क्यांहून जास्त असते. शंभराखालचा गट मी रिपोर्टमध्ये छापूच देत नाही. आघाडीचंही तसंच: 1000 च्या सॅम्पलमध्ये 46 विरुद्ध 42 असेल, तर आघाडीवरची चूक ±3 नाही, जवळपास ±6.

फोकस ग्रुपमधून, म्हणजे मोजक्या लोकांना एकत्र बसवून केलेल्या चर्चेतून, टक्केवारी काढू नका. दहा माणसांचे टक्के नसतात.

शेवटच्या दिवसापर्यंत विचारत राहा. 1948 च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ड्यूई जिंकणार असं धरून काही पोलवाल्यांनी आधीच गाशा गुंडाळला, आणि ट्रुमन निवडून आले.

‘मत देणार का?’ याला सगळेच हो म्हणतात. मागच्या मतदानाची नोंद मिळत असेल तर ती बघा.

लाईक म्हणजे मत नाही; लाईक करणारा तुमच्या मतदारसंघातला आहे का, एवढं तरी तपासा.

जाहिरातीचा परिणाम मोजताना ‘आमची जाहिरात पाहिली का?’ हा सरळ प्रश्न फसवा असतो. लोक भिडेखातर हो म्हणतात. पाच जाहिरातींची यादी वाचा, त्यात कधीच न दाखवलेली एक घुसवा. तीही ‘पाहिली’ म्हणणारे 15 टक्के निघाले, तर तुमच्या खऱ्या जाहिरातीच्या 40 टक्क्यांतले तेवढे आधी वजा धरा आणि मगच बजेटच्या बैठकीला बसा.