हॉल लूप दिसला, तरी लगेच हुरळू नका

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एमएन-थ्री-एसएनच्या (मँगनीज आणि कथिलाचं चुंबकीय संयुग) फिल्मवर, म्हणजे अतिपातळ थरावर, दीड महिना हॉल व्होल्टेज (चुंबकीय फील्डमध्ये करंटला आडवं तयार होणारं व्होल्टेज) मोजत होतो. दर वेळी सरळ रेघ, हिस्टेरिसिसचा, म्हणजे फील्ड वाढताना आणि उतरताना वेगळ्या वाटेनं जाऊन बनणाऱ्या लूपचा, पत्ता नाही. फिल्म तर छान वाढलेली, एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तनात) सी-अक्षाचे, म्हणजे फिल्मला लंब असलेल्या स्फटिक-अक्षाचे, पीक अगदी टोकदार. गोम नेमकी तिथेच होती.

या पदार्थात मँगनीजचे स्पिन (अणूंचे छोटे चुंबक) कागोमे प्रतलात, म्हणजे त्रिकोण-षटकोनांच्या जाळीसारख्या अणुथरात, एकमेकांशी १२० अंशांचा कोन करून बसतात, आणि अनॉमलस हॉल इफेक्ट (पदार्थाच्या स्वतःच्या चुंबकीय रचनेमुळे येणारं हॉल व्होल्टेज) दिसायला फील्ड त्या प्रतलात असावं लागतं. माझ्या फिल्ममध्ये कागोमे प्रतल सबस्ट्रेटवर (फिल्मखालच्या आधारावर) आडवं पसरलेलं आणि मी फील्ड लावत होतो उभं. फील्ड आडवं वळवूनही फायदा नव्हता, कारण मग हॉल व्होल्टेज फिल्मच्या जाडीच्या दिशेनं तयार होतं. ५० नॅनोमीटरच्या जाडीला वायर कुठे लावणार? तेव्हा नव्यानं येणाऱ्यांनी आधी हे ठरवावं, की कागोमे प्रतल सबस्ट्रेटवर उभं राहील अशी फिल्म कशी वाढवायची. लिथोग्राफीचा (फिल्मवर उपकरणाचा आकार कोरण्याचा) विचार त्यानंतर.

वाचनाची सुरुवात कुठून करावी, असं ज्युनिअर विचारतात. २०१४ मध्ये हुआ चेन, चिएन नियू आणि अ‍ॅलन मॅकडोनल्ड यांनी एमएन-थ्री-आयआर या मँगनीज-इरिडियम संयुगासाठी भाकीत केलं, की निव्वळ चुंबकन जवळपास शून्य असूनही अनॉमलस हॉल इफेक्ट मिळू शकतो. २०१५ मध्ये सातोरू नाकात्सुजींच्या गटानं एमएन-थ्री-एसएनच्या स्फटिकात तो खोलीच्या तापमानाला मोजून दाखवला. हे दोन पेपर सावकाश वाचा. ‘हॉल सिग्नल चुंबकनाच्या प्रमाणात असतो’ ही फेरोमॅग्नेटवरून (लोखंडासारख्या चुंबकांवरून) लागलेली सवय त्यांनी मोडते. इथे काम करते ती स्पिनरचनेची सममिती आणि बेरी वक्रता (इलेक्ट्रॉनला आडवं वळवणारा क्वांटम गुणधर्म). बेरी वक्रतेचं गणित पहिल्या महिन्यात डोक्यावरून गेलं तर जाऊ द्या, सममितीचा मुद्दा मात्र सोडू नका.

आता मोजमापाकडे. हॉल बारचे (मोजमापासाठी कोरलेल्या पट्टीचे) दोन संपर्कबिंदू कधीच तंतोतंत समोरासमोर येत नाहीत, त्यामुळे हॉल सिग्नलमध्ये साधा रोध मिसळतो. तो काढायला सगळे अँटीसिमेट्राइझ करतात, म्हणजे उलट फील्डची रीडिंग्ज एकमेकांतून वजा करतात, आणि निम्मे जण चुकीचं करतात. मीही केलं. एकाच स्वीपमधलं प्लस आणि मायनस फील्डचं रीडिंग वजा केलं, तर कोअर्सिव्ह फील्डच्या (चुंबकीय रचना उलटायला लागणाऱ्या फील्डच्या) आतला भाग पुसला जातो आणि लूप गायब होतो. फील्ड वाढतानाच्या प्लस रीडिंगमधून फील्ड उतरतानाचं मायनस रीडिंग वजा करायचं आणि निम्मं करायचं. प्रत्येक बिंदूला करंट उलटा करूनही मोजा, म्हणजे वायरच्या जोडांवरचं थर्मल व्होल्टेज निघून जाईल.

आणि मग एके दिवशी लूपवर उंचवटा दिसतो. लॅबमधलं कुणीतरी हमखास म्हणतं, “टोपोलॉजिकल हॉल! स्कर्मियॉन!” स्कर्मियॉन म्हणजे स्पिनचे छोटे भोवरे, आणि त्यांच्यामुळे येणारा जादा हॉल सिग्नल म्हणजे टोपोलॉजिकल हॉल. माझ्या एका सॅम्पलला असा सुंदर उंचवटा होता आणि त्यावर मी स्लाइडसुद्धा बनवली होती. दुसऱ्या तापमानाला मोजलं तेव्हा कळलं, की फिल्ममध्ये हॉल सिग्नलच्या विरुद्ध चिन्हांचे आणि वेगवेगळ्या कोअर्सिव्ह फील्डचे दोन भाग आहेत. असे दोन साधे लूप बेरजेत आले की उंचवटा आपोआप तयार होतो. पडताळा सोपा आहे. फक्त मऊ (कमी कोअर्सिव्ह फील्डचा) भाग उलटेल इतकंच फील्ड लावा आणि मागे फिरा. त्या मायनर लूपमध्ये एकट्या मऊ भागाचा स्वच्छ चौकोन मिळाला, तर स्लाइड काढून टाका. स्कर्मियॉन नाहीतच असं माझं म्हणणं नाही, पण केवळ हॉल व्होल्टेजच्या आलेखावरून तो दावा मी आता करत नाही.

चुंबकन मोजताना चिमटा प्लास्टिकचा घ्या. इतक्या पातळ फिल्मचं चुंबकन मुळातच नगण्य, त्यात सबस्ट्रेटचा डायामॅग्नेटिक (फील्डच्या उलट दिशेचा) सिग्नल तिच्यावर स्वार. स्टीलच्या चिमट्यानं कडेला मायक्रोग्रॅमभर लोखंड लागलं, तरी ते सगळ्या फिल्मला भारी पडतं. त्या दीड महिन्यानंतर आमच्या ड्रॉवरमधले स्टीलचे चिमटे मी लाल टेप लावून वेगळ्या डब्यात ठेवले. तरी दर सहा महिन्यांनी त्यातला एखादा परत ड्रॉवरमध्ये सापडतोच.